बाई, बसा ना

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. शिक्षकांच्या खोलीत, खिडकीशी माझी जागा. मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुम्हाला वाटेल, हिच्यावर सारखं कुणी ना कुणी बसत असेल. कसलं काय! इथे बसायला फुरसत कुणाला होती?

मला विणणारा कारागीर हाताचा पक्का होता. जुन्या हेडसरांनी मला हौसेने आणलं आणि सगळ्यांना बजावलं, की हिच्यावर बसून वह्या तपासायच्या नाहीत, नुसतं टेकायचं. तेव्हा माझी चैन होती. दमलेलं माणूस यायचं, डोळे मिटायचं आणि घंटा झाली की ताजंतवानं होऊन उठायचं. पुढे हेडसर निवृत्त झाले. माझ्यावर आधी वह्यांचा गठ्ठा आला, मग नकाशे, मग कुणाचा तरी बिघडलेला पंखा. माझी पार अडगळ झाली.

भिंतीपलीकडे सातवीचा वर्ग. तिथे भाषेच्या बाई कविता चालीवर म्हणायच्या. काय गळा होता! बाहेर झाडांना पाणी घालणारे शिपाईमामासुद्धा हातात पाइप धरून तसेच उभे राहायचे. पण बाईंचा ऑफ तास कधी ऑफ नसायचा. कुणी रजेवर गेलं की मामा निरोप घेऊन दारात हजर, आणि बाई निघाल्या दुसऱ्या वर्गावर. त्यांना नाही म्हणणं जमत नसे. "बसा हो घटकाभर," असं सगळे म्हणत आणि म्हणता म्हणता त्यांच्या हातात आणखी काहीतरी काम देत.

मग बाईंचा घसा धरला. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, की काही दिवस बोलणं बंद ठेवा, नाहीतर आवाज कायमचा जाईल. बाईंनी हे मोठ्या बाईंना, म्हणजे नव्या मुख्याध्यापिकांना सांगितलं. त्याही काही वाईट नव्हत्या हो. शिक्षक कमी, वरून रोज नवा हुकूम, त्यांच्याही डोक्याला ताप. एवढा एक कार्यक्रम होऊ द्या, मग खुशाल रजा घ्या, असं त्या म्हणाल्या.

कार्यक्रम कसला, ऐका. शिक्षकांनी ताण कसा घालवावा, यावर व्याख्यान! तेही शाळा सुटल्यावर, आणि हजेरी सक्तीची. पाहुण्यांना बरी खुर्ची हवी म्हणून मला झाडूनपुसून सभागृहात नेलं. पाहुणे माझ्यावर ऐसपैस बसून विश्रांतीचं महत्त्व सांगत होते आणि दिवसभर उभे राहिलेले शिक्षक भिंतीला टेकून ऐकत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी आभारप्रदर्शन. ते अर्थातच बाईंकडे. "आज पाहुण्यांनी आम्हाला..." एवढं बोलून त्यांचा आवाज गेला. ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. लोकांना वाटलं, बाई भारावल्या. टाळ्या वाजल्या. बाईंनी घाबरून गळ्याला हात लावला, तेव्हा कुठे मोठ्या बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी पाहुण्यांना उठवलं आणि बाईंना माझ्यावर बसवलं. जन्मभर बाई बसल्या नाहीत, म्हणून शेवटी त्यांचा आवाज बसला. त्यांनी माझे हात घट्ट धरले होते.

"चुकलं माझं," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमचे तास मी घेते. तुम्ही बसा."

बाईंनी मान मागे टेकली आणि डोळे मिटले.

पुष्कळ दिवसांनी बाई परत आल्या. आवाज परतलाय, पण घोगरा आणि बारीक. आता ऑफ तासाला कुणी त्यांना उठवत नाही, मोठ्या बाई स्वतः दुसऱ्या वर्गांवर जातात. माझ्यावर गठ्ठे नसतात. बाई रोज येऊन टेकतात. मला ते हवंच होतं. पण भिंतीपलीकडून कविता काही ऐकू येत नाही. मामा मात्र अजून पाइप घेऊन सातवीच्या खिडकीशी जरा थांबतात.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखी एखादी असेलच. तिच्यावर काय ठेवलंय ते बघा आणि वह्या असतील तर उचला. तुमच्या बाई अजून गात असतील, तेव्हाच त्यांना म्हणा, "बाई, बसा ना."