समान संधी, तिसरा मजला

जिन्यातून धप्प असा आवाज आला, मग काहीतरी घसटल्याचा, मग पुन्हा धप्प. कायदाबाईंना वाटलं, सफाईवाला बादली ओढत वर येतोय. डबा उघडता उघडता त्या सहज कठड्यापाशी गेल्या, खाली डोकावल्या आणि झाकण हातातच राहिलं.

एक चाळिशीची बाई पायऱ्यांवर बसून, वरच्या पायऱ्यांकडे पाठ करून वर येत होती. दोन्ही तळवे मागच्या पायरीवर टेकवायचे, अंग उचलायचं, धप्पकन बसायचं आणि मग लुळे पाय हाताने ओढून घ्यायचे. कुबड्या ती आधीच वर सरकवून ठेवत होती.

"अहो ताई, थांबा! कुणाकडे जायचंय?"

बाईने मान वळवली. कपाळावरचा घाम तिने खांद्यालाच पुसला. "समान संधी कक्ष. तिसरा मजला ना?"

"हो, पण निरोप पाठवायचा की! मी खाली आले असते."

"कुणाबरोबर पाठवू? रखवालदार म्हणाला, मी एकटाच आहे, गेट सोडता येत नाही. लिफ्ट बंद. वरचा फोनही काढलाय म्हणे."

सगळं खरं होतं. पालिकेच्या तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा मोठ्या साहेबांनी कक्ष सांभाळणाऱ्या कायदाबाईंना बोलावून घेतलं होतं. "तळमजल्यावरची तुमची खोली बँकेला भाड्याने दिली आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलात, तर कक्ष चालू ठेवता येईल. नाहीतर बंदच करावा लागेल. बोला." लिफ्टच्या दुरुस्तीला पैसे नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. उठता-बसता कायद्याचं कलम सांगते म्हणून जिला अख्खं ऑफिस कायदाबाई म्हणायचं, ती बाई त्या दिवशी एकही कलम बोलली नाही. "हरकत नाही," म्हणाली. घरी जाऊन नवऱ्याला तर तिने फुशारकीने सांगितलं होतं, "वाचवला बाबा कक्ष!"

"दोन शिपाई बोलावते," त्या आता म्हणाल्या, "खुर्चीत बसवून अलगद वर—"

"उचलून न्यायला मी काय कपाट आहे?" बाई हसली. "आता आलेच की. तुम्ही फक्त वाटेतून सरका."

कायदाबाई सरकल्या. बाई वर पोचेपर्यंत काय करावं, कुठे बघावं, त्यांना कळेना. ती पोचली तशी त्याही तिच्याशेजारी फरशीवरच बसल्या. साडी चुरगळली. समोरून लेखा विभागातला कारकून बघत बघत गेला.

बाईचा व्यवसाय शिवणकामाचा. पालिकेच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची जागा निघाली होती. तिने शिवून नेलेला फ्रॉक मुलाखतीत हातोहात फिरला, सगळ्यांनी वाहवा केली. मग मुख्याध्यापक म्हणाले, बाई, शिवणाचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे, तुम्हाला कसं जमणार?

"मी म्हटलं, यंत्रं खाली आणा. तर म्हणाले, तेवढा निधी नाही. असं चालतं का हो कायद्यात?"

"मुळीच नाही!" कायदाबाईंचा आवाज सवयीने चढला. "वर्ग खाली आणणं शाळेला बंधनकारक आहे. निधी नाही ही सबब..."

समोर तो जिना, पायऱ्यांवर घसटल्याचे पट्टे, आणि बाईचे लालभडक झालेले तळवे.

बाई काही टोचून बोलली नाही. तिने सरळच विचारलं, "आणि शाळेने विचारलं, की तुमचं ऑफिस कुठे आहे, तर काय सांगाल?"

कायदाबाई उठल्या, आतून कागद-पेन घेऊन आल्या आणि पुन्हा तिच्याशेजारी बसल्या.

"ताई, तुमच्या दोन तक्रारी लिहून घेते," त्या म्हणाल्या. "एक शाळेविरुद्ध. दुसरी या कक्षाविरुद्ध."

"तुमच्याविरुद्ध?"

"हो. खोली सोडायला मीच कबूल झाले होते. कुणी माझा हात पिरगळला नव्हता."

बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नोकरीवर गदा येईल."

"येईल कदाचित. तुम्ही सांगा, मी लिहिते."

लिहून झालं, सही झाली. कायदाबाई कुबड्या घ्यायला वाकल्या, तर बाईने त्या स्वतःकडे ओढल्या.

"मी उतरेन. फक्त एक करा. उतरताना फार ओबडधोबड दिसतं. कुणी बघू नये असं वाटतं."

त्या तिच्या पुढे खालच्या वळणापर्यंत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. धप्प, घसट, धप्प. आवाज मागून जवळ आला, पायांशी आला, पुढच्या पायऱ्यांवर गेला. तेवढ्यात वरून भरभर पावलं वाजली. मोठे साहेब, काखेत फाइल, मीटिंगच्या घाईत.

"साहेब, जरा थांबा."

"का? काय झालं?"

"एक बाई उतरतायत. माझ्याकडेच आल्या होत्या." त्यांनी मान वळवली नाही. "आणि कृपा करून इकडे भिंतीकडे बघा."

"अहो, मला उशीर होतोय."

"मलाही झालाय, साहेब."

साहेब काहीतरी बोलणार होते. मग त्यांना खालचा तो आवाज ऐकू आला. त्यांनी फाइल या काखेतून त्या काखेत घेतली आणि हळूच भिंतीकडे वळले. रंगाचे पोपडे निघालेल्या त्या भिंतीकडे बघत दोघं शेजारी शेजारी उभे राहिले, खालच्या पायऱ्या संपेपर्यंत.