पडद्याआडचा खांदा

"मोठ्यांदा वाच की गं, माझा चष्मा घरी राहिलाय," नेलिदा म्हणाली.

यूलेइमाने परीक्षकांच्या पाचही चिठ्ठ्या मांडीवर पसरल्या. बार्किसिमेतोच्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर मायलेकी बसल्या होत्या. निकाल दारावर लागून तास झाला होता. राजधानीतल्या, काराकासच्या तरुणांच्या मोठ्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवणाऱ्यांच्या जागा दोन, आणि यूलेइमा आली तिसरी. तेही एका गुणाने. एवढ्यासाठी का सहा वर्षं बोटांची साल काढून घेतली, असं तिच्या मनात येत होतं. पण रडायचं ते घरी जाऊन, असं तिने ठरवलं होतं.

"चौऱ्याण्णव. सूर स्वच्छ," तिने वाचलं. "ब्याण्णव. लय पक्की. पंच्याण्णव. ही मुलगी कुठे शिकली? त्र्याण्णव. उत्तम."

"अगं मग नापास कशी झालीस?"

"नापास नाही गं आई. ही पाचवी चिठ्ठी ऐक. एकसष्ट. उजवा खांदा वर चढतो. आणखी एक वर्ष थांबावं."

नेलिदाने पिशवीतून मक्याच्या पिठाची, चीज भरलेली आरेपा काढून लेकीच्या हातात दिली. संगीतातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. ती बसथांब्यावर आरेपा विकायची, आणि लेक वाजवायला लागली की शेजारणींना गप्प बसवायची, एवढाच तिचा सुरांशी संबंध.

"पण काय गं," ती म्हणाली, "तुम्हाला तर पडद्याआडून वाजवायला लावतात ना? तोंड दिसू नये म्हणून?"

"हो. नावसुद्धा नाही सांगत, नुसता नंबर."

"मग त्याला तुझा खांदा कसा दिसला?"

यूलेइमाचा घास तोंडातच राहिला. काळा जाड पडदा, छतापासून जमिनीपर्यंत. त्यापलीकडे पाच परीक्षक, आणि त्या पाचांत एक तिचा स्वतःचा प्रोफेसर, एलिओदोरो. उजवा खांदा, उजवा खांदा म्हणून सहा वर्षं तिच्या कानीकपाळी ओरडणारा माणूस या जगात एकच होता.

"आई, चल," ती म्हणाली. "बस चुकेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या गावच्या, सान्ता इनेसच्या संगीतशाळेत नेहमीच्या वेळेला पोचली; आता ती तिथे लहान पोरांना शिकवायची. पोरं यायला अजून अवकाश होता. एलिओदोरो एका छोट्या व्हायोलिनला तार चढवत बसला होता. साठीला आलेला, हडकुळा माणूस. गावातल्या निम्म्या पोरांना त्याने हात धरून वाजवायला शिकवलं होतं, आणि यूलेइमाला तर बापाच्या जागी होता. म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"प्रोफे, पडद्याला भोक होतं का?"

"कसलं भोक?"

"माझा खांदा दिसला तुम्हाला, म्हणून विचारलं."

त्याचा हात थांबला. त्याने व्हायोलिन पेटीत ठेवलं, झाकण लावलं. खोटं मात्र बोलला नाही, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

"ऐकू आला, यूले. खांदा वर गेला की तुझ्या वरच्या तारेचा आवाज आवळतो. दुसऱ्या कुणाला कळणार नाही."

"गेल्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात, पोरी, तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही."

"ते खरंच आहे."

"मग एकसष्ट कशाचे?"

एलिओदोरो उठून खिडकीपाशी गेला. "बत्तीस पोरं आहेत या शाळेत. शिकवायला आपण पाचजण होतो. रामिरो देश सोडून चिलीला गेला. योहाना पेरूला. तो बास शिकवणारा बोगोटात घरोघर पिझ्झा पोचवतो म्हणे. उरलो तू आणि मी. तू गेलीस की या दाराला कुलूप. मी म्हटलं, एक वर्ष. ती डेइलिस आणि तिच्या बरोबरीची पोरं जरा आपली आपण वाजवायला लागेतो. एकच वर्ष मागितलं गं मी."

"मागितलं?" यूलेइमाचा आवाज चिरका झाला. "कुणाकडे मागितलंत? माझ्याकडे मागितलं असतंत तर मी थांबले असते. तुमच्यासाठी थांबले असते. तुम्ही पडद्याआड बसून केसाने गळा कापलात माझा."

"पुढच्या वर्षी मी स्वतः नेतो तुला. शंभर गुण देतो. शब्द आहे माझा."

"पुढच्या वर्षी मला फॉर्म मिळणार नाही. अठरा पूर्ण झाल्यावर घेत नाहीत."

"आत्ता सोळाची तू. पुढल्या वर्षी सतरा."

"येत्या तीन ऑगस्टला मला अठरा पूर्ण होतात, प्रोफे."

त्याने बोटांवर मोजून पाहिलं. शाळेत कुणाचाही वाढदिवस असला की तालीम थांबायची, सगळा वाद्यवृंद उभा राहून वाजवायचा, आणि एलिओदोरो त्या पोराला किंवा पोरीला किती वर्षं झाली ते मोठ्यांदा विचारायचा. पण ऑगस्टमध्ये शाळा बंद. यूलेइमासाठी कधी कुणी उभं राहून वाजवलं नव्हतं. ती अकराव्या वर्षी उशिरा आली, तिला नऊ-दहाच्या पोरांत बसवलं, आणि तेव्हापासून त्याच्या हिशेबी ती त्यांच्याच वयाची होती.

"मला वाटलं..." तो म्हणाला आणि त्याने खिशातून फोन काढला. "मी काराकासला फोन करतो. चूक झाली म्हणून सांगतो. मला काढून टाकू देत."

"त्या दोघींची नावं लागली आहेत दारावर. त्यांतल्या एकीला घरी पाठवणार? नको. त्यांनी काय वाकडं केलंय कुणाचं."

बाहेर पायांचा आणि पेट्या आपटल्याचा आवाज आला. पोरं आत घुसली. यूलेइमाने डोळे पुसले, खुर्च्या ओळीने लावल्या आणि एकेकाचं वाद्य घेऊन तारा जुळवायला लागली. एलिओदोरो खुर्ची उचलायला पुढे झाला, तर तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

नऊ वर्षांची डेइलिस तिच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"मिस, माझी आई म्हणाली तुम्ही आता काराकासला जाणार."

"नाही जाणार."

"म्हणजे उद्या तुम्हीच शिकवणार?"

"हो. उद्या मीच."

"आणि सुट्टीनंतर?"

"सुट्टीनंतरही मीच. बस जागेवर. पहिली ओळ काढ."

डेइलिस खुशीत धावत गेली आणि तिने बाजूच्या पोरीला ते सांगितलं, त्या पोरीने पुढच्याला. वर्गात सगळीकडे ते पोचलं. एलिओदोरो भिंतीपाशी उभा राहून ऐकत होता. हेच ऐकायला मिळावं म्हणून त्याने सगळं केलं होतं. तो दार लोटून बाहेर गेला, आणि वर्ग सुटेपर्यंत ओट्यावर उन्हात उभा राहिला.