छापखान्यात माझं शीर्षासन

“बिनोयचेट्टा, शीर्षासन घातलेल्या माणसाला तुम्ही मेला समजून थेट पुरता का हो?”

मित्रांनो, हा प्रश्न आमच्या मालकाच्या लेकीने, रिन्सीने, भर छापखान्यात विचारला. एवढ्या मोठ्या दुरुस्तीवाल्या दादाला असं विचारून दाखवच, म्हणून तिच्या मैत्रिणींनी खारवलेल्या आवळ्यांची पैज लावली होती. आणि ज्याला पुरायची गोष्ट चालली होती, तो मी. मी एक जुना संगणक आहे. केरळातल्या कुन्नमकुळममधल्या पौलोसच्या छापखान्यातला, आणि सांगायला लाज कसली, गावात सगळ्यात जास्त लग्नं लावलेला!

माझे अवयव कुठकुठल्या देशांत जन्मले कोण जाणे. त्रिशूरच्या एका दुकानात मला जोडलं आणि रिक्षात पौलोसच्या मांडीवर, चादर पांघरून मी इथे आलो. तोवर इथे शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची. पौलोस पोरवयापासूनचा जुळारी. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात. आपण पेपर वाचतो तशी तो ती सरसर वाचायचा. त्याने माझ्यासाठी खिळ्यांचे खण भिंतीकडे सरकवले, तेव्हा मी मनाशी म्हटलं, या जागेला आपण शोभलं पाहिजे. आणि शोभलो! चर्चच्या सणाची पत्रकं, देवळाच्या उत्सवाची पत्रकं. निवडणुकीत तर एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या पक्षांची पत्रकं एकाच दुपारी माझ्यातून निघाली, पण एकाचं गुपित मी दुसऱ्याला कळू दिलं नाही. आणि लग्नपत्रिका? गावातल्या कितीतरी संसारांची पहिली ओळ माझ्या पोटातून बाहेर पडली आहे.

मग आलं ते अपडेट. माझ्या पडद्यावर रोज विचारणा व्हायची, आता करू की नंतर? पौलोस रोज ‘नंतर’वर बोट ठेवायचा. एके दुपारी तो कांजी प्यायला आत गेला आणि अपडेटने कुणाला न विचारता कामाला सुरुवात केली. मी विझलो, पेटलो, पुन्हा विझलो. जागा झालो तेव्हा माझ्या पडद्यावरचं सगळं जग डोकं खाली, पाय वर!

गंमत म्हणजे, परत आलेल्या पौलोसला काही वेगळं वाटलंच नाही. तो खुशाल वाचत बसला. मर्सी, त्याची बायको, चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, “अरे माणसा, सगळं उलटं दिसतंय.”

“या घरात सरळ कधी दिसलंय?” पौलोस म्हणाला.

पण माउस उजवीकडे नेला की बाण डावीकडे पळायचा, तिथे त्याचं काही चालेना. शेवटी त्याने एक शक्कल लढवली. मॉनिटर उचलला आणि कागदाच्या दोन गठ्ठ्यांमध्ये डोक्यावर उभा केला. अक्षरं सरळ, बाण सरळ, काम चालू! माझ्या वर गेलेल्या पायावर मर्सीने हात पुसायचा टॉवेल वाळत घातला. मित्रांनो, तो अपमानही मी गिळला.

घात झाला तो कुरियप्पनच्या मुलीच्या पत्रिकांनी. वर सोनेरी क्रूस आधीच छापलेले कोरे कागद होते, खाली फक्त मजकूर उमटवायचा होता. पण जुळाऱ्याच्या हाताला एकच नियम ठाऊक, यंत्रात उलटं ते कागदावर सुलटं. मी डोक्यावर उभा दिसलो आणि पौलोसच्या हाताने कागदही डोक्यावर घातले. गठ्ठाच्या गठ्ठा छापून निघाला. मजकूर सरळ, आणि तळाशी क्रूस उलटा!

कुरियप्पनने पत्रिका फिरवून फिरवून पाहिली. “पौलोसे, माझी पोरगी काय छताला लटकून लग्न करणार आहे?”

पौलोस इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर चिडला. बिनोयला बोलावणं गेलं. त्याने हेल्मेटही न काढता दारातूनच निकाल दिला, की जुन्या पेटीला नवं अपडेट झेपलं नाही, भंगारात द्या आणि नवी घ्या. भंगारवाल्याला संध्याकाळी यायचा निरोपसुद्धा गेला. तेवढ्यात मैत्रिणींसोबत शाळेतून आलेल्या रिन्सीने तो प्रश्न विचारला.

बिनोय हसला. म्हणाला, मग तूच कर की उभा.

एरवी पाहुण्यांसमोर पाणी आणायलासुद्धा लाजणारी ही मुलगी! तिने टॉवेल काढून आईच्या हातात दिला, माझा मॉनिटर पायांवर ठेवला आणि समोर बसली. बाण उलटा पळत होता, मैत्रिणी खिदळत होत्या. शोधत शोधत ती पडद्याच्या सेटिंगमध्ये पोचली. पडद्याची दिशा असं लिहिलेलं तिला सापडलं, तिने ‘सरळ’ निवडलं आणि मी गर्रकन उभा राहिलो! ती टाळ्या पिटत उठली. पण मी विचारत होतो, हा बदल ठेवू का? उत्तरच आलं नाही, आणि मी पुन्हा डोक्यावर. बिनोयने घड्याळ पाहिलं. पौलोस हळूच म्हणाला, “मोळे, पोरी, तो काहीतरी विचारतोय. त्याला उत्तर दे.”

दुसऱ्या वेळी तिने टाळ्या नाही वाजवल्या. मी विचारलं, तिने हो म्हटलं.

उरलेल्या कागदांवर पत्रिका छापल्या गेल्या, क्रूस वर, मजकूर खाली. बिनोयने हेल्मेट काढून एक पत्रिका निरखली आणि चहा मागितला. संध्याकाळी भंगारवाला आला, तो फसलेल्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन गेला. मी माझ्या जागेवर होतो, ताठ!

मित्रांनो, आमच्यासारख्यांची एकच विनवणी आहे. नवं शिकायला आम्ही नाही म्हणत नाही, पण हातातलं काम संपू द्या, त्याची नक्कल काढून ठेवा, मग शिकवा. आणि आम्ही काही विचारलं तर ‘नंतर, नंतर’ करू नका. शिकताना एखादा उलटा पडला, तर त्याला फेकायच्या आधी जरा त्याच्यासमोर बसा.

त्या दिवशी मर्सी लेकीचे हात हातात घेऊन म्हणाली, असेच शांत हात नर्सला लागतात, तुझ्या मावशीसारखी परदेशी जाशील. रिन्सीने हात सोडवले नाहीत, पण आईकडे आणि बापाकडे सरळ पाहिलं.

“अम्मा, अप्पा, माझं ठरलंय. अकरावीला मी संगणकच घेणार. रोगी मीही बरे करणार, पण माझे रोगी हे असले.”