म्हणे रस्त्यावरची धूळ!

वाचकहो, सकाळी पुसलेल्या खिडकीत दुपारी पुन्हा काळा थर बसतो ना? मग तुमच्या भागाच्या हवेच्या अहवालातही कारण म्हणून ‘रस्त्यावरची धूळ’ असंच लिहिलेलं असणार. ते वाचलं की माझं डोकं फिरतं.

लोखंडाच्या ओतकाम कारखान्याशेजारच्या वस्तीत असा अहवाल लिहिणारा प्रदूषण खात्याचा तपासनीस लबाड नव्हता. कुणाचा फुकट चहासुद्धा प्यायचा नाही. फक्त खात्याची एक रीत तो पाळायचा: हवेचा नमुना घ्यायच्या आदल्या दिवशी कारखान्याला फोन करायचा, उद्या येतोय म्हणून. सौजन्य म्हणे! त्या दिवशी भट्टी बंद. यंत्रातला गाळणकागद जेमतेम मळायचा आणि खापर फुटायचं रस्त्यावर.

तो राहायचाही त्याच वस्तीत. त्याची आठ वर्षांची लेक मात्र जिना चढताना धाप लागून दोनदा बसायची. महिन्यात तिसऱ्यांदा तिला दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा त्याची आत्या भेटायला आली. आत्याने जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. नातीच्या उशाजवळची खिडकी तिने बोटाने पुसली आणि ही कसली धूळ म्हणून विचारलं. रस्त्यावरची, तो सवयीने म्हणाला.

आत्याने फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक काढलं. खिडकीतली धूळ कागदावर झटकली आणि खालून चुंबक फिरवलं. धूळ केसांसारखी ताठ उभी राहिली आणि चुंबकामागे सरकू लागली.

“रस्ता लोखंडाचा केलाय का रे तुमच्या खात्याने?”

त्याने चाचरत फोनची रीत सांगितली. आत्याचा पारा चढला.

“म्हणजे भट्टी बंद असते तेव्हा तू हवा तपासतोस आणि चालू असते तेव्हा ती या पोरीच्या छातीत जाते. लाज वाटू दे जरा!”

पुढच्या खेपेला त्याने फोन केला नाही. दुपारपर्यंत कागद काळाकुट्ट! सूक्ष्मदर्शकाखाली वितळून थिजलेल्या लोखंडाचे गोल गोल मणी दिसले. रस्त्यावरची माती अशी गोल नसते. कारखान्याचा मॅनेजर धावत आला, फोन का नाही केलात म्हणून. साहेबांनीही झापलं. त्याने अहवालात स्रोत लिहिले: पहिला, ओतकामाची भट्टी. दुसरा, आमच्या कार्यालयातून जाणारा आगाऊ फोन, जो मी लेकीच्या जन्माआधीपासून करत आलो. खाली सही ठोकली.

नागरिकहो, सांगून केलेली तपासणी म्हणजे धूळफेक. तुमच्या भागाचा अहवाल मागा आणि त्या दिवशी भट्टी चालू होती का, हे आधी विचारा.

त्या भट्टीवर धूळ पकडणारं यंत्र बसायला चार महिने गेले. लेक अजूनही जिन्यात बसते, पण एकदाच. बाप शेजारी बसून तिचा श्वास खाली बसेपर्यंत थांबतो.