हान कोणाच्या बाजूला

मित्रांनो, मी जांगीचा एक जुना पट आहे. जांगी म्हणजे आमच्या कोरियातला बुद्धिबळाचा चुलतभाऊ. गिंको झाडाचं लाकूड, मधोमध पितळी बिजागरी, एका कोपऱ्यावर चहाच्या पेल्याचा गोल डाग, एवढीच माझी ओळख. पण मी सुरुवात माझ्या जन्मापासून करणार नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारपासून करतो.

त्या शनिवारी काही विशेष नव्हतं. सुनचॉनमधल्या एका बैठ्या घराच्या ओसरीत पर्सिमनची सोललेली फळं दोरीला टांगून वाळत घातली होती. घराचे मालक प्यो दालसू, वय एकोणऐंशी, निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांची मुलगी मीरान दर दुसऱ्या शनिवारी ग्वांगजूहून येते, जेवते, एक डाव खेळते आणि पाचच्या बसने परत जाते. त्या दिवशीही ती आली. फ्रीजमधले जुने डबे तिने काढून टाकले, औषधांच्या गोळ्या मोजल्या, आणि बापाने मुळ्याचं लोणचं अळणी केलं म्हणून त्याला बोल लावले.

आता आमच्यातली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझ्यावर दोन सैन्यं असतात. लाल सोंगट्या हान राज्याच्या आणि हिरव्या चो राज्याच्या. वयाने किंवा खेळाने जो मोठा, त्याने लाल घ्यायच्या. धाकट्याला हिरव्या मिळतात आणि पहिली चाल मिळते. हे कोणी ठरवत नाही, कोणी विचारत नाही. घरातल्या मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय कोणी जेवायला लागत नाही, तसंच हे. मीरान दहा वर्षांची असल्यापासून हिरव्याच बाजूला बसत आली होती.

त्या दिवशी दालसूंनी सोंगट्या मांडल्या आणि लाल बाजू मीरानच्या बसायच्या उशीसमोर ठेवली.

मीरान चहा घेऊन आली, बसली, आणि पटाकडे पाहून हसली.

"अप्पा, उलटं मांडलंत."

"हं?"

"लाल माझ्याकडे आलाय. परवा गॅसवर किटली विसरलात, आज हे. उद्या मलाच विचाराल, बाई तुम्ही कोण."

तिने दोन्ही हातांनी मला धरलं आणि अर्धा वळसा देऊन फिरवलं. हात सवयीचा होता. एकही सोंगटी सरकली नाही.

दालसूंनी चहाचा पेला उचलला. "असं झालं होय," ते म्हणाले. मग म्हणाले, "चाल तुझी."

ते विसरले नव्हते. सकाळी त्यांनी तीनदा मांडून पाहिलं होतं. एकदा लाल आपल्याकडे, मग तिच्याकडे, मग पुन्हा आपल्याकडे. शेवटी तिच्याकडे ठेवून ते अंगणात हात धुवायला गेले होते. मी हे पाहिलं होतं आणि मला तोंड नव्हतं.

सोमवारी सकाळी मुळ्याच्या वाफ्यात ते खाली बसले ते उठले नाहीत.

मला एका सुताराने बनवलं. तो जेवणाची तबकं करत असे. एका मोठ्या तबकाच्या ऑर्डरीतून फळी उरली, तिचा मी झालो. तापल्या लोखंडाने त्याने माझ्यावर नऊ उभ्या आणि दहा आडव्या रेघा ओढल्या. चीनमधल्या माझ्या भावंडांच्या पोटावरून दोन सैन्यांमधली नदी म्हणून एक मोकळी पट्टी जाते, माझ्यावर ती नाही. दालसूंनी मला घेतलं तेव्हा ते बसवर नवीन लागले होते. डेपोत दोन फेऱ्यांच्या मध्ये माझ्यावर डाव पडत. कडेला उभे राहून न विचारता चाली सांगणारे पाच-सहा जण नेहमी असत. माझ्या मागच्या बाजूला कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'सल्ला देणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजावा.' त्या काळात माझं फार कौतुक झालं. चहा मात्र कोणी पाजल्याचं आठवत नाही.

मग दालसूंची बायको गेली. मीरान दहा वर्षांची होती आणि तिचा धाकटा भाऊ तेसक चार वर्षांचा. दालसूंची पहिली बस पहाटे साडेपाचला सुटायची. मोकपोच्या मावशीने निरोप पाठवला की मी दोघांतल्या एकाला ठेवून घेईन. तेसक बापाशिवाय जेवत नसे. मीरान शहाणी होती. शहाण्या मुलांचं असंच होतं. ती मोकपोला गेली आणि सात वर्षं तिथे राहिली.

दर दुसऱ्या रविवारी दालसूंची सुट्टी असे. तेसकला शेजारी ठेवून ते मला कापडात गुंडाळत आणि मोकपोची बस धरत. तीन तासांचा रस्ता. मी त्यांच्या मांडीवर असे. दुसऱ्याच्या बसमध्ये बसलेला ड्रायव्हर कधी स्वस्थ नसतो. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय खाली दाबला जाई, नसलेल्या ब्रेकवर. मोकपोला पोचलं की मावशीच्या सुक्या मासळीच्या दुकानामागे एक डाव व्हायचा. मग परत तीन तास.

त्या डावांवर दोन सेनापतींची भांडणं चालत. दोन हजार वर्षांपूर्वी चीनच्या गादीसाठी हे दोघे लढले. चोचा हांग ऊ आणि हानचा यू बांग. हिरव्या बाजूचा राजा म्हणजे हांग ऊ, लालचा यू बांग. मीरान हिरवी, म्हणून तिला हांग ऊ आवडायचा.

"तो सत्तर लढाया लढला आणि एकही हरला नाही," ती म्हणायची. "तुमचा यू बांग नुसता पळत होता."

"पळत होता, पण पळून झालं की विचारत होता, आता काय करू? हांग ऊने आयुष्यात कोणाला विचारलं नाही."

"हांग ऊ आजारी शिपायांसाठी रडायचा. आपल्या ताटातलं त्यांना द्यायचा."

"द्यायचा ना. भात द्यायचा, डोळ्यांतलं पाणी द्यायचा. पण एखाद्याने गड जिंकून आणला आणि त्याला सरदारकीचा शिक्का द्यायची वेळ आली, की शिक्का हातात धरून बसायचा. घासून घासून शिक्क्याचे कोपरे झिजले, तरी देववेना. म्हणून चांगली माणसं उठून पलीकडे गेली."

"आणि शेवटी? नदीकाठी नावाडी उभा होता, बसा म्हणत होता. हांग ऊ म्हणाला, बरोबर आणलेली इतकी पोरं गमावून त्यांच्या घरच्यांना कोणत्या तोंडाने भेटू? गेला नाही, तिथेच मेला. यू बांगला लाज तरी होती का?"

"नव्हती. म्हणून तो घरी पोचला." दालसू एक प्यादं पुढे सरकवायचे. "बघ, आपल्या पटावर नदीच नाही. रुसून काठावर बसायची सोय नाही. चाल कर."

ती चाल करायची. बोलताना दालसूंच्या बोटांत नेहमी लालचा राजा असे, हान हे अक्षर कोरलेली ती सगळ्यांत मोठी अष्टकोनी सोंगटी.

एका रविवारी त्यांनी तिला गाडीची गोष्ट सांगितली. यू बांग हरून पळत होता, मागे शत्रूचे घोडेस्वार. गाडी जड झाली म्हणून त्याने स्वतःच्या मुलाला आणि मुलीला खाली ढकललं. त्याच्या सारथ्याने गाडी थांबवली, खाली उतरला, दोघांना उचलून परत वर घेतलं. यू बांगने पुन्हा ढकललं. सारथी पुन्हा उतरला. राजा तलवार उपसून ओरडत होता, पण तो प्रत्येक वेळी उतरला. मीरानने ती गोष्ट त्यांच्याकडून चार-पाचदा तरी सांगून घेतली असेल.

ती सतरा वर्षांची झाली तेव्हा दालसू तिला घरी न्यायला आले. तेसक मोठा झाला होता, फेऱ्यांच्या वेळा बदलल्या होत्या. मीरानची पिशवी भरून दाराशी होती. बस यायला अवकाश होता, म्हणून डाव मांडला. दालसू म्हणाले, "आता सगळं नीट होईल." ती मान वर न करता म्हणाली,

"गाडी हलकी करायला पोर खाली ढकलणारा यू बांग तुम्हीच, अप्पा. ठेवा तुमचा लाल तुमच्याकडेच."

गोष्टीचा उरलेला अर्धा भाग तिने सोडून दिला. तो तिला पाठ होता.

दालसूंनी हानची सोंगटी हातात धरली आणि अंगठ्याने तिची कड घासत राहिले. तो डाव अर्धाच राहिला. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या मांडीवर होतो. त्या दिवशी पाय एकदाही ब्रेकवर दाबला गेला नाही.

त्यानंतर चौतीस वर्षं गेली. ती कॉलेजला गेली तेव्हा मी कपाटाखाली धूळ खाल्ली. ती शिक्षिका झाली, लग्न झालं, मुलं झाली. दालसू निवृत्त झाले आणि ती दर दुसऱ्या शनिवारी येऊ लागली. पुन्हा डाव, पुन्हा हांग ऊ आणि यू बांग. गाडीची गोष्ट दोघांनीही परत काढली नाही. मीरान हिरव्या बाजूने खेळून बहुतेक वेळा जिंकायची. तरी प्रत्येक शनिवारी लाल त्यांच्याकडे आणि हिरवा तिच्याकडे. हानच्या सोंगटीचे आठही कोपरे गेले. आता ती जवळजवळ गोल आहे.

दालसू गेल्यावर तीन आठवड्यांनी मीरान घर आवरायला आली. तिने सामानाचे ढीग केले, ठेवायचं आणि द्यायचं. मला तिने द्यायच्या ढिगावर ठेवलं, जुन्या पंख्याच्या शेजारी.

दुपारी ग्वाक आले. गावातल्या मोठ्या झाडाखालच्या पारावर जे म्हातारे जांगी खेळतात, त्यांतले हे दालसूंचे सोबती. दालसूंचा थर्मास पारावर राहिला होता, तो परत द्यायला आले होते. त्यांनी मला ढिगावर पाहिलं.

"पट टाकतेस, पोरी?"

"टाकत नाही, काका. तेसकला नको आहे, आणि माझ्याकडे खेळणार कोण?"

"मग पारावर दे. आमच्या पटावर कोणीतरी सूप सांडलं, तेव्हापासून प्यादी चिकटतात. आधीच ती कुठे पुढे जात होती."

"न्या की."

ग्वाकनी मला उचललं, खाली बसून उघडलं, सोंगट्यांची पिशवी चाचपली. "बरं, एक सांग. त्या शनिवारी हान घेऊन हरवलंस ना त्याला?"

"हान त्यांच्याकडेच होता."

"असं कसं? देणार म्हणाला होता."

"काय देणार?"

"लाल बाजू. शुक्रवारी पारावर म्हणाला, ग्वाक, उद्या पोरीला हान देतो. मी म्हटलं, वा, वीस वर्षांनी आठवलं. ती तुला केव्हाची धूळ चारते. तर म्हणाला, मी हांग ऊ आहे रे. शिक्का घासत बसलो, देववला नाही." ग्वाक हसले. "वर म्हणतो, आणि ती मला यू बांग म्हणाली होती. शाळेत शिकवते, पण माणूस ओळखता येत नाही."

मीरानच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बशी होती. ती तिने हळूच खाली ठेवली.

"त्यांनी मांडलं होतं," ती म्हणाली. "लाल माझ्याकडे. मला वाटलं, विसरले. मी पट फिरवला."

"मग तो काही बोलला नाही?"

"म्हणाले, असं झालं होय."

"गाढव," ग्वाक म्हणाले. "एवढी वर्षं बस नीट सुरू केली, तोंड मात्र एकदाही सुरू झालं नाही त्याचं." त्यांनी गुडघा चोळला आणि उठले. मला न घेताच दारापर्यंत गेले. "पट राहू दे तुझ्याकडे. प्यादी चिकटलेलीच बरी आहेत."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची आत्मकथनं शेवटी म्हणतात की जुन्या वस्तू फेकू नका, त्यांची काळजी घ्या. मीही म्हणतो. माझ्या बिजागरीला तेल हवं आहे, ते कोणी घातलं तर बरंच. पण मला त्याहून दुसरं सांगायचं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने एखादी गोष्ट उलटी मांडली असं तुम्हाला वाटलं, तर पट लगेच फिरवू नका. आधी विचारा, अप्पा, हे असं का? उत्तर द्यायला त्यांना वेळ लागेल. तेवढं थांबा.

ग्वाक गेल्यावर मीरानने दोन उश्या समोरासमोर टाकल्या. मध्ये मला ठेवलं. सगळ्या सोंगट्या मांडल्या, लाल आपल्या बाजूला आणि हिरव्या समोर. हानचा राजा ठेवण्याआधी तिने त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. एक कोपरा तरी लागतो का, हे पाहत असावी. लागला नाही. तिने तो जागेवर ठेवला.

पहिली चाल हिरव्याची असते. समोरच्या उशीवर कोणी नव्हतं, म्हणून डाव सुरू होऊ शकत नव्हता. तरी ती बसून राहिली. ओसरीतली पर्सिमन्स वाळून काळपट झाली होती. ती उतरवायचं अजून कोणाला सुचलं नव्हतं.

मग ती समोर पाहत, नेहमीच्या आवाजात बोलली.

"अप्पा, ती गोष्ट मी अर्धीच सांगितली होती. गाडी थांबवून खाली उतरणाराही होता तिच्यात. दर दुसऱ्या रविवारी तुम्ही उतरत होतात. मला ते तेव्हाही माहीत होतं."