पेन्सिलची फुली

गुरुदत्त टिपणिसांनी खिडकीतून पासबुक आत सरकवलं, त्यावर बायकोच्या मृत्यूचा दाखला ठेवला आणि दोन्हींच्या कडा जुळवल्या. पस्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. शोकातही कागद वाकडा ठेवेल तर शपथ!

पीपीएफचं खातं चित्राबाईंच्या नावावर होतं. हे खातं नवरा-बायकोचं मिळून निघत नाही. पण बायकोच्या खात्यात भरलं तरी आयकरात सूट नवऱ्याला मिळते, हे टिपणिसांनी एक्याऐंशी सालीच हेरलं होतं. दर मार्चला ते फॉर्म भरत, सहीच्या जागी पेन्सिलनं फुली मारत आणि चित्राबाई फुलीवर सही करत. म्हातारपणाची शिदोरी ती हीच.

"नॉमिनी मीच आहे," ते म्हणाले.

काउंटरवरच्या बाईंनी जुनी फाईल उघडली.

"होतात, काका. नव्वदच्या जूनमध्ये बदललंय. शुभदा पंढरी नाखवा."

"शक्यच नाही! हिला बँकेतलं काय कळतंय? महिन्याच्या संकष्टीला टिटवाळ्याचा गणपती, एवढंच तिचं बाहेर जाणं."

बाईंनी फॉर्म त्यांच्याकडे फिरवला. सही चित्राबाईंचीच होती. फुली कुठंच नव्हती.

शुभदा त्यांची एकुलती एक लेक. नव्वदच्या मे महिन्यात तिनं कोलशेतच्या कोळीवाड्यातल्या पंढरीशी लग्न केलं आणि टिपणिसांनी दार लावलं ते लावलंच. तिचं नावही घरात काढायचं नाही, असं त्यांनी बायकोला बजावलं होतं. महिन्यापूर्वी चित्राबाई झोपेतच गेल्या. शेजाऱ्यांनी विचारलं, तेव्हा टिपणीस म्हणाले, "कळवलंय तिला." कळवलं नव्हतं.

"आता अर्ज त्यांनाच करावा लागेल," बाई म्हणाल्या. "त्यांची सही आणा."

टिपणिसांनी फॉर्म घेतला, सवयीनं सहीच्या जागी फुली मारली आणि डोंबिवलीहून कोलशेत गाठलं.

कोळीवाड्यात एक म्हातारी दारात जवळा सुकत घालत होती.

"कोन पायजे?"

"शुभदा... मी तिचा बाप."

म्हातारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग हात पदराला पुसत आत हाक मारली, "सूनबाय, तुजा बापूस आयलाय गो!"

शुभदा धावतच बाहेर आली. ती वाकून त्यांच्या पाया पडली आणि उठली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"जमवलं म्हणजे आईनं! म्हणायचीच, एक दिवस त्यांना तुझ्या दारात आणून उभं करते की नाही बघ. गेल्या संकष्टीला आली नाही, मला वाटलं गुडघा धरला असेल. दर महिन्याला येते हो, बाबा, आता रागावू नका तिच्यावर."

टिपणिसांनी हातातला फॉर्म घडी घालून घालून मुठीत मावेल एवढा केला.

शुभदा त्यांच्या खांद्यावरून गल्लीच्या तोंडाकडे बघत होती.

"मागं राहिली का? थांबा, मी हात धरून आणते तिला."