इंदिरानगरची जहागीर

शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हा हणमंतरावांचे पूर्वज त्यांच्याबरोबर आले आणि परत जायचे राहूनच गेले. त्याला साडेतीनशे वर्षे झाली. मधल्या काळात घराण्याने तलवार खाली ठेवून लेखणी उचलली, लेखणी ठेवून पेन्सिल उचलली, आणि हणमंतराव एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून नकाशे काढता काढता निवृत्त झाले. निवृत्तीच्या तिसऱ्या महिन्यात दुपारच्या झोपेचाही कंटाळा आला तेव्हा त्यांच्या मनात आले, ही जहागीर बंद झाल्याचा कागद आपल्या गल्लीत कुणी पाहिला आहे का? नसेल, तर ती चालूच असणार.

पुढच्या गुरुवारी गल्लीतल्या आठ जणांना आंतर्देशीय पत्रे आली. त्यातले एक खुद्द हणमंतरावांच्या नावाचे होते. संशयाला जागा ठेवणाऱ्यांपैकी ते नव्हते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सारा मजकूर डाव्या हाताने लिहिला होता, त्यामुळे तो आपोआपच तीनशे वर्षे जुना दिसत होता. खाली सही होती : ‘फडणीस, जहागीर बंगळूर’. प्रत्येकाला एक हुद्दा, एक काम, आणि शेवटी ताकीद : ‘फडणीस कोण, असे जो विचारील त्याचा हुद्दा जप्त होईल.’

शहाण्या माणसाने असले पत्र रद्दीत टाकले असते. पण हुद्द्याची गोष्ट वेगळी असते. शेजारचे विश्वेश्वर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, घरी कानडी बोलणारे; त्यांना जहागिरीने परराष्ट्र वकील नेमले. “सरी,” ते म्हणाले, “छत्तीस वर्षं सर्व्हिस केली, कोणी हेडक्लार्क पण नाही केलं. नानु रेडी!” बँकेतल्या श्यामलाक्का खंदकाच्या किल्लेदार झाल्या, खंदक म्हणजे बागेच्या कडेने जाणारी उघडी मोरी. पुण्याहून कॉम्प्युटर कंपनीत आलेला गिरीराज मशालजी झाला. त्याने रस्त्यावरचे बंद दिवे टिपून ‘राज्यात अंधार माजला आहे’ असा अर्ज लिहिला. विश्वेश्वरांनी तो कानडीत केला आणि महापालिकेत नेऊन दिला. कचेरीतले साहेब पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शिडी पाठवली. मग छावणीला, म्हणजे बसथांब्याला, रंग लागला. बागेत बाके आली. जी माणसे सात वर्षे एकमेकांना फक्त स्कूटरवरून ओळखत होती, ती दर रविवारी सकाळी दरबार भरवू लागली.

हणमंतरावांचा हुद्दा निरीक्षक. बागेत आरामखुर्ची टाकायची आणि इतरांकडे बघायचे, एवढेच त्याचे काम. हा हुद्दा इतका सोयीचा कसा, हे विचारायला अर्थातच बंदी होती. पण खरे सुख खुर्चीचे नव्हते. आख्खी गल्ली आपल्या डाव्या हातावर चालते आणि कुणाला पत्ता नाही, हे सुख होते. ते गेले असते तर हणमंतरावांना पुन्हा दुपारी झोपावे लागले असते.

शहाण्णवच्या मार्चात घोटाळा झाला. शनिवारी बंगळुरात भारत-पाकिस्तान मॅच होती. रविवार मॅचच्या चर्चेत गेला आणि सोमवार त्या चर्चेच्या थकव्यात. त्या आठवड्याचा हुकूम लिहायचा राहून गेला. आणि गुरुवारी सकवारबाईंनी नवऱ्याच्या हातात पत्र ठेवले. “घ्या, तुमच्या सरकारचं आलंय.”

हणमंतरावांनी पत्र उघडले.

‘निरीक्षकाचे पद आजपासून बंद. हणमंतरावांनी रविवारी सात वाजता फावडे घेऊन खंदकात उतरावे. चप्पल आणू नये, अडकून राहील.’

सही फडणिसाची. अक्षर वेडेवाकडे. जगात सगळ्यांचे डावे हात सारखेच गचाळ असतात, हे हणमंतरावांना तेव्हा समजले. गिरीराज असेल? श्यामलाक्का? घरातच तर नाही ना कुणी? विचारायची सोय नव्हती. सर्वांत झोंबले ते हे, की चपलेची ओळ चांगली होती. ती आपल्याला सुचायला हवी होती.

त्यांनी दुपारीच नवा हुकूम लिहून आठ प्रती पेटीत टाकल्या. शनिवारी त्या पोचल्या. ‘मागील हुकूम तोतयाचा आहे. निरीक्षकपद कायम. हणमंतरावांच्या पाठीची सर्वांनी काळजी घ्यावी.’

रविवारी दरबार भरला. दोन्ही पत्रे बाकावर दगडाखाली ठेवली होती.

“काका, इट्स क्लिअर,” गिरीराज म्हणाला, “एक फडणीस ओरिजिनल आहे, एक डुप्लिकेट. व्होटिंग घेऊ.”

“थांबा स्वल्प,” श्यामलाक्का म्हणाल्या. “मला ताप होता तेव्हा फडणिसानं काय लिहिलं होतं? ‘तापाने खंदक थांबत नाही.’ अस्सल फडणीस कुणाच्या पाठीबिठीची विचारपूस करणारा नव्हे. हा दुसरा कुणीतरी मवाळ माणूस आहे.”

तापाचे ते वाक्य हणमंतरावांनी मोठ्या समाधानाने लिहिले होते. आता ते त्यांच्याच अंगावर आले.

“आणि यांची पाठ दुखते हे बाहेर कुणाला ठाऊक?” सकवारबाई म्हणाल्या.

कुणी झाडाकडे पाहिले, कुणी चपलेकडे. विश्वेश्वर फार लक्षपूर्वक चष्मा पुसू लागले. हणमंतराव ताडकन उठले. अजून एक प्रश्न, आणि जहागीर खालसा!

“मतदान!” ते जवळजवळ ओरडलेच.

दुसरा हुकूम खोटा आहे, असे ज्यांचे मत त्यांनी हात वर करावेत, असे ठरले. सात हात वर गेले. सातही जण हणमंतरावांकडे बघत होते.

त्यांनी हात वर केला.

“खोटाच आहे,” ते म्हणाले. “भाषा बघा ना किती लेचीपेची.”

“अण्णा, तुम्हाला भाषेतलं फार कळतं हो,” श्यामलाक्का म्हणाल्या आणि त्यांनी फावडे पुढे केले.

खंदकात पोटरीपर्यंत गाळ होता. हणमंतरावांनी पहिली दहा मिनिटे खानदानाची आठवण काढण्यात घालवली. मग फावड्याला एक सायकलचे टायर लागले आणि ते ओढायला गिरीराजही उतरला. त्याच्यामागे किल्लेदार, वकील, आणि पदर खोचून सकवारबाई. “डावीकडे, अण्णा, डावीकडे!” श्यामलाक्का हुकूम सोडत होत्या. दहाच्या सुमाराला आत कुठेतरी गुडगुडले आणि सहा महिने तुंबलेले पाणी चालू लागले. तेव्हा सर्वांत मोठ्याने कोण ओरडले, याची नोंद जहागिरीच्या दप्तरात नाही, पण पलीकडच्या रस्त्यावरून दोन माणसे बघायला आली.

पाठ दुपारनंतर दुखली आणि मन लावून दुखली. सकवारबाईंनी तेल चोळून दिले.

सोमवारी हणमंतरावांनी कोरे आंतर्देशीय पत्र समोर घेतले. पेन डाव्या हातात धरले. मग टोपण लावून त्यांनी पेन खिशात टाकले आणि ते विश्वेश्वरांकडे कॉफी प्यायला गेले.

गुरुवारी सकाळी दहापासूनच ते फाटकातल्या क्रोटनच्या कुंड्यांना पाणी घालत होते. पोस्टमन आला तोवर क्रोटन बुडायला आले होते. इतके महिने पत्र उघडताना चेहऱ्यावर आश्चर्य आणावे लागे, आणि ते त्यांना कधी नीट जमले नव्हते. आज चेहऱ्याचे काय झाले आहे हे बघायला त्यांना सवड नव्हती.

‘हणमंतरावांस मंडूक-कारभारी नेमले आहे. खंदकात बेडूक आले का, हे रोज संध्याकाळी जाऊन पाहावे. परराष्ट्र वकील सोबत राहतील. परदेशी बेडूक आढळल्यास वेगळा टिपावा.’

“अगं,” हणमंतराव आत ओरडले, “परदेशी बेडूक ओळखायचा कसा?”

“वकिलांना विचारा,” स्वयंपाकघरातून उत्तर आले. “मी काय त्या खात्यात आहे?”

संध्याकाळ व्हायला अजून सात तास होते. हणमंतरावांनी तेवढ्यात वही आखायला घेतली.